२,३०९ मतांचा हिशेब

घनसावंगी मतदारसंघात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये राजेश टोपे पडले. १९९९ पासून सलग पाच निवडणुका जिंकलेला, उच्च शिक्षण आणि आरोग्य अशी वजनदार खाती सांभाळलेला, करोनाच्या काळात घराघरातल्या टीव्हीवर रोज संध्याकाळी दिसणारा हा नेता शिवसेनेच्या (शिंदे गट) हिकमत उढाण यांच्याकडून २,३०९ मतांनी हरला. तीर्थपुरीपासून मुंबईपर्यंत या निकालाची कारणे सांगणाऱ्यांना तेव्हा ऊत आला होता. कुणी म्हणाले अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर मराठा आणि ओबीसी अशी मतांची उभी फाळणी झाली. कुणी म्हणाले लाडक्या बहिणीने घात केला. कुणी उसाच्या भावाकडे बोट दाखवले, तर कुणी उमेदवारांच्या भाऊगर्दीकडे.

या सगळ्या कारणांत काही ना काही तथ्य असेलही. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला एवढेच नवल वाटते की, ज्या मतदारसंघात हारजीत अडीच हजार मतांच्या आत होते, तिथे प्रत्येक गावाच्या कडेला असलेल्या बौद्धवाड्याने आणि मातंगवाड्याने काय विचार करून बटण दाबले, हे कुणालाच विचारावेसे वाटले नाही. आमचे मत मोजले जाते, पण आमचे म्हणणे मोजले जात नाही. म्हणून ही पंचवीस वर्षांची आमदारकी गावकुसाबाहेरच्या बाजूने कशी दिसते, ते आम्ही आज लिहितो आहोत.

टोपे घराण्याची सत्ता समजून घ्यायची तर विधानभवनापासून सुरुवात करून चालत नाही, कारखान्यापासून करावी लागते. राजेश टोपे यांचे वडील अंकुशराव टोपे हे अंबड भागातले जुने काँग्रेस पुढारी. १९९१ साली ते जालन्यातून लोकसभेवर गेले. अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या वसाहतीला अंकुशनगर नाव पडले. तीर्थपुरीला त्याच कारखान्याचे दुसरे युनिट, 'सागर', उभे राहिले. मत्स्योदरी शिक्षण संस्थेने जालना जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. ऊस कुणाचा आधी तुटणार, शिपायाची नोकरी कुणाला लागणार, प्राध्यापक कोण होणार, हे जिथे ठरते तिथेच आमदारही ठरतो. पश्चिम महाराष्ट्रात जे पन्नास-साठच्या दशकात झाले ते मराठवाड्यात थोडे उशिरा झाले, एवढाच फरक. साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट एकाच घरात जन्माला आले की, आमदारकी हे तिसरे भावंड आपोआप येते.

१९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिशीतले राजेश टोपे अंबडमधून निवडून आले. २००४ ला पुन्हा. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली, अंबड शहर बदनापूरला जोडले गेले, तो मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि टोपे नव्याने तयार झालेल्या घनसावंगीकडे आले. २००९ ला त्यांनी अर्जुन खोतकरांना हरवले. २०१४ ला मोदी लाटेतही भाजपच्या विलासराव खरातांवर त्यांनी ४३ हजारांहून अधिक मतांनी मात केली. २०१९ ला मात्र उढाणांनी त्यांना घाम फोडला, फरक ३,४०९ वर आला. आणि २०२४ ला उलटा २,३०९. पाच वर्षांत ४३ हजारांचे ३ हजार होतात, तेव्हा पायाखालची वाळू आधीच सरकलेली असते. २०२४ च्या आंदोलनावर आणि योजनांवर सगळे खापर फोडणाऱ्यांनी हा २०१९ चा आकडा विसरू नये.

माणसाच्या कामाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. २०२० मध्ये देश कुलूपबंद असताना टोपे राज्यभर फिरत होते, रुग्णालयांतल्या करोना कक्षांत जात होते. आई रुग्णालयात असतानाही त्यांनी काम थांबवले नाही. त्या वर्षी १ ऑगस्टला त्या माउलीचे निधन झाले आणि काही दिवसांत ते पुन्हा कामावर होते. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ राज्यातल्या सगळ्या नागरिकांना खुला केला. तात्यासाहेबांच्या नावाची योजना त्या संकटात कित्येक गरिबांच्या कामी आली, हे नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही.

पण त्याच खात्यात दुसरेही घडत होते. गावोगाव तापमापी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आशा ताईंना जून २०२१ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कुठे दरमहा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता पदरात पडला. या आशांमध्ये आमच्या किती लेकीसुना आहेत, हे कुणीही आपल्या गावात पाहावे. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या भरतीचा जो खेळखंडोबा झाला, तो आमची मुले अजून विसरलेली नाहीत. सप्टेंबरमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री परीक्षा पुढे ढकलली. एसटीने, टेम्पोने, उसनवारी करून परगावी पोहोचलेली पोरे रस्त्यावर राहिली. ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाली आणि पेपर फुटल्याचे उघड झाले. पुण्याच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत खुद्द आरोग्य खात्याचे अधिकारी निघाले. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली होती, हे खरे. पण वयाची मर्यादा संपत आलेल्या मुलाला दिलगिरीचा काय उपयोग? ज्याच्या घरी शेत आहे, त्याला सरकारी नोकरी हा एक पर्याय असतो. ज्याच्या घरी शेत नाही, त्याला ती एकच वाट असते.

शेताचा विषय निघाला म्हणून पुन्हा तीर्थपुरीच्या कारखान्याकडे येऊ. सहकारी साखर कारखाना हा सभासदांचा असतो, आणि ऊस-उत्पादक सभासद व्हायला जमीन लागते. ज्याच्याकडे जमीनच नाही तो त्या सहकारात कोण? तो ऊस तोडणारा. मोळी बांधणारा. गाडी भरणारा. सहा महिने पालात राहून पोरांची शाळा बुडवणारा. कारखान्याचे धुराडे पेटते ते त्याच्या कोयत्यावर, पण वार्षिक सभेत हात वर करायचा अधिकार त्याला नाही. उसाला भाव किती, यावर या भागात रास्ता रोको होतो आणि व्हायलाच हवा. कोयत्याला भाव किती, यावर मात्र इथल्या आमदारकीच्या निवडणुका कधी फिरल्या नाहीत.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती सरकारच्या मालकीची करावी, ती जात न पाहता गावाला सामुदायिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही उरणार नाही आणि भूमिहीनही उरणार नाही, अशी योजना मांडली होती. ती संविधानात येऊ शकली नाही. तिच्या जागी महाराष्ट्राला जो सहकार मिळाला, त्यात जमीनदाराचा चेअरमन झाला आणि भूमिहीन भूमिहीनच राहिला.

आता कुणी म्हणेल की, सहकार कायद्यात आरक्षण आहे ना! आहे. कलम ७३ब नुसार संचालक मंडळात अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी जागा राखीव असते. किती? एक. एकवीस जणांच्या मंडळात एक. आणि त्या एकाला निवडून देणार कोण? सगळे सभासद. म्हणजे चेअरमनच्या पॅनलमध्ये ज्याचे नाव, तोच त्या जागेवर येणार. हे आमच्या वाचकांना ओळखीचे वाटत असेल तर नवल नाही. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याच्या तुरुंगात जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. जागा आमची, किल्ली त्यांची. मा. कांशीरामजींनी पुणे कराराला पन्नास वर्षे झाल्यावर 'चमचा युग' लिहिले ते दिल्ली-लखनौपुरते नव्हते, साखर कारखान्याच्या संचालक मंडळापर्यंत ते लागू पडते.

शेजारच्या बदनापूरकडे पाहा. राखीव झाल्यापासून तिथे २००९ ला शिवसेनेचे संतोष सांबरे आणि त्यानंतर २०१४, २०१९, २०२४ अशा तीनही वेळा भाजपचे नारायण कुचे निवडून आले. चारही निवडणुकांत निळ्या झेंड्याखालचा उमेदवार तिथून विधानसभेत पोचला नाही. राखीव जागेवर आमचा माणूस आमच्या विचाराने निवडून येत नाही, आणि घनसावंगीसारख्या खुल्या जागेवर आमच्या मताशिवाय दुसऱ्याचा माणूस निवडून येत नाही. या दोन वाक्यांत मराठवाड्यातल्या आमच्या राजकारणाची सगळी कुंडली आली.

जमिनीबाबत आणखी एक गोष्ट. मराठवाड्यातल्या दलितांच्या हाती थोडीफार जमीन आली ती गायरानातून. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी ती वाट दाखवली. लोकांनी माळरान फोडले, दगड वेचले, मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी तलाठ्याच्या दप्तरात ती नोंद व्हायला किती पिढ्या लागाव्यात! जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. त्या निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. महाराष्ट्र सरकारने १२ जुलै २०११ ला गायरानावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. तेव्हा टोपे मंत्रिमंडळात होते. त्या अपवादाचा आधार घेऊन, कसणाऱ्याच्या बाजूने, मराठवाड्यातला कुणी मंत्री तेव्हा उभा राहिल्याचे ऐकिवात नाही. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा बायाबापड्या कागदांची पिशवी घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवत होत्या. तोवर सरकार बदलले होते. नोटिसा मात्र त्याच पत्त्यावर आल्या.

शिक्षणाचे तसेच. मराठवाड्यात बहुजनांच्या उच्च शिक्षणाचे दार पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत उघडले. त्या मिलिंद परिसरातून शिकलेल्या पिढीने नामांतराचा लढा दिला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, आणि तो अर्धामुर्धा अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षे. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. सभागृहाने हात वर करणे आणि गावात त्याची अंमलबजावणी होणे यांत किती अंतर असते, ते आमच्याइतके कुणाला ठाऊक? २००९ ते २०१४ टोपे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री होते. शिक्षणसंस्था चालवणारे घराणे आणि शिक्षणखाते एकाच ठिकाणी आले. हे केवळ त्यांच्याबाबत घडले असे नाही, महाराष्ट्रात ही रीतच आहे. अनुदानित महाविद्यालयात पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची असते, पण राखीव पदे जाहिरातीत कधी येतात, किती वर्षे रिकामी राहतात, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा किती वेळा पडतो, हे संस्थेच्या कचेरीबाहेर येत नाही. आम्ही कुणा एका संस्थेवर आरोप करत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. आमदार-खासदारांच्या घराण्यांशी संबंधित प्रत्येक शिक्षणसंस्थेने आपली बिंदुनामावली दारावरच्या फलकावर लावावी. लपवण्यासारखे काही नसेल तर एक खिळा आणि एक कागद एवढाच खर्च आहे.

आमदार कशाने मोजायचा? आमच्या गावांत तो रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा आणि लग्नातल्या हजेरीने मोजतात. बुद्धविहारासमोर पेव्हर ब्लॉक बसले की आमच्यातले काही पुढारी फटाके फोडतात. हे सगळे आमदार निधीतून होते, आणि आमदार निधी हा त्या माणसाचा उपकार नसून तुमच्या-आमच्या कराचा पैसा आहे. विधिमंडळाचा सदस्य हा मुळात कायदा करणारा माणूस. सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले गृहस्थ मुंबई कायदे मंडळात होते. १९२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्या एका कागदाच्या बळावर महाड नगरपालिकेने ठराव केला आणि मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर उभे राहिले. बोल्यांचा साखर कारखाना आम्ही ऐकलेला नाही. पण शंभर वर्षांनी त्यांचे नाव आम्ही घेतो आहोत.

आणि बाबासाहेब स्वतः कोण होते? संविधान सभेच्या आधी ते मुंबई प्रांताचे आमदार होते. १९२८ ला महार वतनाचे विधेयक त्यांनी मांडले. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आल्यावर सप्टेंबरमध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक आणले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबीही होते, महारही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध लाखभर गिरणी कामगारांचा संप झाला. सभागृहात विधेयक आणि रस्त्यावर माणसे, अशी आमदारकी या राज्याने पाहिलेली आहे.

त्या मापाने पाहिले तर घनसावंगीच्या आमदाराला करण्यासारखे एक काम समोर पडले होते आणि आजही पडले आहे. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११.८ टक्के, योजनेचा निधी बाजूला काढायचा आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही, यासाठी आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादी १९९९ ते २०१४ अशी सलग पंधरा वर्षे सत्तेत होती. तो कायदा झाला नाही. २०१९ नंतरच्या अडीच वर्षांतही झाला नाही. त्याचे फळ मे २०२५ मध्ये दिसले. लाडक्या बहिणीचे हप्ते भागवण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये वळवले गेले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तेही औरंगाबाद पश्चिम या राखीव मतदारसंघाचे आमदार. नाराजी वर्तमानपत्रात छापून आली आणि पैसे गेले ते गेले. पुणे करार समजून सांगायला याहून ताजे उदाहरण कुठून आणायचे? आमच्या मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, वसतिगृहाचे भाडे थकते, स्वाधारचे पैसे वर्ष उलटल्यावर मिळतात, आणि त्याच खात्यातून आमच्याच आयाबहिणींना पंधराशे दिल्याचे उपकार सांगितले जातात.

हिकमत उढाण हे शिरसाटांच्याच पक्षाचे. म्हणजे तीर्थपुरीचा आमदार आज सत्तेच्या बाजूला बसतो. टोपे पडले म्हणून आम्ही गुलाल उधळला नाही आणि उढाण आले म्हणून आमच्या वस्तीत दिवाळी झाली नाही. जो प्रश्न पंचवीस वर्षे टोपेंना विचारायचा राहून गेला तोच उढाणांना विचारायचा आहे, आणि २०२९ ला दोघेही, किंवा त्यांच्या जागी आणखी कुणी, दारात येतील तेव्हा पुन्हा विचारायचा आहे.

तेव्हा एक जुना आरोप पुन्हा ऐकू येईल, त्याला आताच उत्तर दिलेले बरे. घनसावंगी परभणी लोकसभेत येते. २०१९ ला परभणीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला जवळपास दीड लाख मते मिळाली आणि राष्ट्रवादीचा उमेदवार सुमारे ४२ हजारांनी पडला. लगेच ओरड सुरू झाली की, वंचितने पाडले. जणू ती दीड लाख मते राष्ट्रवादीच्या सातबाऱ्यावर होती आणि कुणी रात्रीतून बांध कोरला! २०२४ च्या लोकसभेला संविधानाचा प्रश्न पुढे आला, आमच्या समाजाने मोठ्या प्रमाणात महाविकास आघाडीला मते दिली, परभणीची जागा त्यांनी राखली. त्या वेळी कुणी 'बौद्धांनी निवडून आणले' असा मथळा दिला का? पडले की आमच्यामुळे, आले की त्यांच्या कर्तृत्वाने. हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

३,४०९ आणि २,३०९. सलग दोन निवडणुकांत या मतदारसंघाचा निकाल एवढ्या मतांनी लागला आहे. तीर्थपुरी, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव आणि गोदाकाठच्या गावांतले वाडे धरले तर एवढी मते दहा-पंधरा गावांत सापडतील. आतापर्यंत ती मतदानाच्या आदल्या रात्री, एकेका वाड्याच्या म्होरक्याशी बोलून, वेगवेगळी उचलली जातात. रिपब्लिकन पक्षाचे जितके गट, तितके सौदे. एका गटाला समितीची खुर्ची, दुसऱ्याला ठेकेदाराचा उपठेका. हीच मते निवडणुकीच्या सहा महिने आधी एका बैठकीत बसली आणि उमेदवाराला बोलावून चार गोष्टी लेखी मागितल्या तर काय होईल? गायरानाच्या नोंदी कधीपर्यंत. उपयोजनेच्या कायद्यासाठी सभागृहात अशासकीय विधेयक मांडणार की नाही. संस्थेची बिंदुनामावली फलकावर लावणार की नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलासाठी वसतिगृह कुठे आणि कोणत्या वर्षी. लेखी दिले तर सही गावासमोर, चावडीत. दिले नाही तर तेही गावासमोर. बैठकीला उमेदवारानेच यायचे, त्याच्या पीएने नाही. आणि चहा आपला असावा, त्यांचा नको.